सांध्याचे माप

वार्षिक अंकासाठी लेख मागवणारी सूचना फलकावर लागली आणि आमच्या वर्गात एकच धांदल उडाली. कुणी पावसावर लिहिणार होते, कुणी आईवर, तर कुणी कॉलेजच्या पहिल्या दिवसावर. मराठीच्या सरांनी तासाला एकेकाला विषय विचारला. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "क्रॉसवर, सर." सरांना वाटले, येशू ख्रिस्ताच्या क्रूसावर. ते कौतुकाने म्हणाले, "विषय गंभीर आहे." मग मला खुलासा करावा लागला, "तसे नाही सर. जीपच्या शाफ्टला असतो त्या क्रॉसवर." वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. "लिही," एवढेच म्हणाले.

म्हणून हा लेख. वाचकांना तो रुक्ष वाटला तर दोष माझा, क्रॉसचा नव्हे.

कराडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता पाटण मागे टाकून कोयनेच्या खोऱ्यात वर वर सरकू लागतो. त्या रस्त्याच्या कडेला आमचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर चार लोखंडी खांब, वर पत्रे, एका बाजूला दगडी भिंत आणि तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सातवी नापास झाले आणि पाना हातात घेतला. आई शाळेत गेलीच नाही. दहावीच्या पुढे पाऊल टाकणारी आमच्या घराण्यातली मी पहिली. त्यामुळे मी कॉलेजात काय शिकते, हे घरी कुणालाच नीटसे सांगता येत नाही. आणि माझ्या घरी काय चालते, हे मी कॉलेजात कुणाला सांगत नव्हते. पहिले वर्षभर मी रॉकेलने आणि साबणाने हात घासघासून धूत असे आणि तरीही वर्गात हात बाकाखालीच ठेवीत असे. नखांच्या कडेला राहिलेली काळी रेघ आपली जात सांगते, असे मला वाटे. आता वाटत नाही. ते का वाटेनासे झाले, तेच सांगायचे आहे.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्या वडापच्या जीपा आणि दुधाचे पिकअप. पण आप्पांचा खरा जीव आहे तो चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांवर. डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांना अजूनही काही ठिकाणी कच्चा रस्ता आहे. पावसाळ्यात तिथे साधी गाडी चढत नाही. चढतात त्या जुन्या फोर बाय फोर जीपा, ज्यांना मागे हौदा करून लोकांनी छोटे ट्रकच बनवले आहेत. आप्पांचे उस्ताद फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. १९५९ पासून जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरून शक्तिमान ट्रक बनू लागले. त्या फोर बाय फोर ट्रकांखाली उस्तादांचे अर्धे आयुष्य गेले. ती विद्या त्यांनी आप्पांना दिली. आप्पांनी मला दिली असे म्हणता येणार नाही; मी ती पत्र्याखाली अभ्यास करता करता चोरून घेतली.

आता क्रॉस म्हणजे काय ते सांगते. गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्याला पक्के बांधलेले असतात. चाके मात्र पाट्यांवर बसलेली, खड्डा आला की खालीवर होणारी. गिअरबॉक्समधून निघणारी फिरकी चाकांपर्यंत न्यायची तर मध्ये लोखंडी नळी हवी. तिला शाफ्ट म्हणतात. पण एक टोक स्थिर आणि दुसरे नाचणारे, अशी ही नळी ताठ बसवली तर पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना सांधा देतात. दोन बाजूंनी दोन काटे, एक आडवा, एक उभा. आणि त्यांना जोडणारा मधला चार हातांचा अधिक चिन्हासारखा तुकडा, तोच क्रॉस. त्याच्या चारही हातांवर चार कप बसतात आणि प्रत्येक कपात सुयांसारखे बारीक रोलर असतात. फिरता फिरता वाकायचे आणि वाकता वाकता फिरायचे, ही किमया त्या सुयांची. शिवाय चाक खालीवर होताना अंतरही कमीजास्त होते, म्हणून शाफ्टमध्ये एक दातेरी जोड असतो. एक नळी दुसरीत सरकते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला असा एक शाफ्ट पुरतो. फोर बाय फोरला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. म्हणजे सांधे दुप्पट, आणि दुखणीही दुप्पट.

लहानपणी मला वाटे, की एका बाजूने जेवढे फिरवले तेवढेच दुसऱ्या बाजूने फिरते. एकदा आप्पांनी टूलबॉक्समधला वाकणारा सांधा माझ्या हातात दिला. म्हणाले, "वाकवून फिरीव." मी फिरवला. सरळ धरला तेव्हा तो गुळगुळीत फिरला. बराच वाकवला तेव्हा मध्येच अडखळला, मग पळाला, पुन्हा अडखळला. एका फेऱ्यात दोनदा. "कळलं का?" आप्पांनी विचारले. मला काहीच कळले नव्हते. त्यांनाही त्याचे कारण सांगता येत नव्हते. असे होते एवढे त्यांना ठाऊक होते.

कारण मला कॉलेजात आल्यावर सापडले. सायन्सच्या बाजूला फिजिक्सच्या बाई आहेत; आर्ट्‌सची मुलगी असे काही विचारायला आली म्हणून त्या आधी चकित झाल्या, मग फळ्यावर आकृती काढून तासभर समजावत बसल्या. सांधा जितक्या अंशांनी वाकला, त्या कोनाच्या कोसाइनवर सगळे अवलंबून. अलीकडची बाजू मिनिटाला शंभर फेरे एकसारखे घेत असेल आणि सांधा १० अंशांनी वाकला असेल, तर पलीकडच्या बाजूचा वेग ९८.५ आणि १०१.५ यांच्यामध्ये हेलकावे खातो. हे फारसे जाणवत नाही. पण सांधा ३० अंशांनी वाकला, की तो ८६.६ पर्यंत उतरतो आणि ११५.५ पर्यंत चढतो. हे प्रत्येक फेऱ्यात दोनदा. मिनिटाला हजारो फेरे फिरणाऱ्या शाफ्टला असे दोन दोन हिसके बसू लागले, तर गाडी थरथरणार नाही तर काय होईल?

यावरचा उपाय इतका सुंदर आहे, की तो प्रथम समजला तेव्हा मला बसस्टँडवर एकटीलाच हसू आले. एक सांधा जी चूक करतो, तीच चूक दुसऱ्या सांध्याकडून उलट करून घ्यायची! शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे सारख्याच कोनात वाकलेले ठेवायचे आणि शाफ्टवरचे दोन्ही काटे एका रेघेत ठेवायचे. मग पहिल्याने जेव्हा वेग वाढवला तेव्हा दुसरा तो तेवढाच कमी करतो. मधला शाफ्ट बिचारा हिसके सोसत फिरतो, पण चाकांपर्यंत फिरकी जाते ती एकसारखी. आप्पा शाफ्ट उघडण्याआधी दातेरी जोडाच्या दोन्ही बाजूंवर पांढऱ्या रंगाची एक रेघ का मारतात, हे मला त्या दिवशी उमगले. जोडताना काटे रेघेतून सरकले तर दोन चुका एकमेकींना मारण्याऐवजी एकमेकींना मिळतात. आप्पांना कोसाइन ठाऊक नाही. पण रेघ मारायला ते कधी विसरलेले नाहीत.

या सांध्याला दोन मोठ्या माणसांची नावे चिकटली आहेत. एक इटलीचा वैद्य आणि गणिती कार्डानो (१५०१ ते १५७६), दुसरा इंग्लंडचा रॉबर्ट हुक, ज्याने १६७० च्या दशकात या सांध्याचे वर्णन केले. हुकच्या डोक्यात अर्थातच जीप नव्हती. सूर्य आणि घड्याळे यांच्या उपकरणांसाठी त्याला हा सांधा हवा होता. मोटारीत तो नीट बसवण्याचे श्रेय अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरचे. हा माणूस कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी होता. तेव्हाच्या पुष्कळशा मोटारींत सायकलसारखी साखळी असे. साखळीत धूळ जाई, आवाज होई, ती तुटे. स्पायसरने साखळी काढून शाफ्ट आणि बंदिस्त सांधे बसवले, १९०३ मध्ये पेटंट घेतले आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीत ते बनवायला सुरुवात केली. आपल्यासारखाच एक विद्यार्थी! हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे साळंत जाऊन बी हे करता येतंय म्हन की."

पण क्रॉस सर्वत्र चालत नाही. फोर बाय फोरची पुढची चाके ओढतातही आणि वळतातही. वळणावर चाक तीस अंशांच्या आसपास वळते; तिथे एकच क्रॉस असला तर चाक प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका देते आणि तो ड्रायव्हरच्या हातापर्यंत स्टिअरिंगमधून येतो. म्हणून तिथे वेगळ्या जातीचे सांधे शोधले गेले. आल्फ्रेड झेप्पा या फोर्ड कंपनीतल्या अभियंत्याने १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा सांधा काढला. एका वाटीत खोबणी, आतल्या गाभ्यावर खोबणी आणि मध्ये सहा पोलादी गोळ्या. सांधा कितीही वाकला तरी गोळ्या नेहमी कोनाच्या नेमक्या मधोमध राहतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात. चाळीस अंशांच्या पुढे वाकला तरी तो अडखळत नाही. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फेनाय या जोडीने १९२६ च्या सुमारास ट्राक्टा नावाचा सांधा काढला. त्यात गोळ्या नाहीत, एकमेकांत सरकणारे चार भक्कम तुकडे. चार गोळ्यांचा बेंडिक्स-वाइस हा आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपा बनल्या. एका कारखान्याला एवढे सांधे पुरवता येणे शक्यच नव्हते. म्हणून त्या जीपांच्या पुढच्या चाकांत झेप्पा, बेंडिक्स, ट्राक्टा आणि साधा स्पायसर क्रॉस असे चारही प्रकार बसवले गेले. बाहेरून जीप सारखी, आत सांधा निराळा. त्याच घराण्यातल्या जीपा स्वातंत्र्यानंतर मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यांची नातवंडे आमच्या पत्र्याखाली येतात.

याशिवाय दोन क्रॉस पाठीला पाठ लावून केलेला जोड सांधाही असतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो. तेव्हा पेटीच्या बाजूला हा जोड सांधा लावतात. मात्र मग खालच्या टोकाचा क्रॉस जवळजवळ सरळ ठेवावा लागतो, नाहीतर त्याची चूक मारायला कुणी उरत नाही.

इथपर्यंत मी पुष्कळ शहाणपणा सांगितला. आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट.

गेल्या वर्षीचा जुलै. कोयनेच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. वरच्या वाडीवरचे दूधवाले तात्या एका शनिवारी सकाळी आले. त्यांच्या जीपच्या मागच्या शाफ्टचा क्रॉस गेला होता. कपातल्या सुयांचा गंज होऊन लाल भुकटी झाली होती. मागचा शाफ्ट काढून नुसत्या पुढच्या चाकांवर अशी गाडी चालवता येते, हे खरे. पण वाडीचा तो चिखलाचा चढ एकट्या पुढच्या चाकांच्या भरवशावर चढायला आप्पांनी तात्यांना जाऊ दिले नाही. क्रॉस कराडहून मागवायचा होता. आप्पांना आताशा जवळचे बारीक आकडे दिसत नाहीत. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माप घे आन् दुकानात फोन कर."

त्याच दिवशी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता 'ग्रामीण स्त्री आणि आरोग्य'. माझे भाषण पाठ होते आणि साडेदहाची एस.टी. चुकली तर दुसरी बारापर्यंत नव्हती. मी कपाचा व्यास मोजला. २७ मिलिमीटर. दुकानदाराने फोनवर विचारले, "लांबी?" क्रॉसची एका कपाच्या पाठीपासून समोरच्या कपाच्या पाठीपर्यंतची लांबी मोजायची राहिली होती. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "नेहमीचीच." मग धावत जाऊन एस.टी. पकडली. स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला.

संध्याकाळच्या गाडीने क्रॉस आला. आप्पांनी डबा उघडला, कप काट्याच्या भोकात घालून पाहिला. अगदी बरोबर. पण क्रॉस काट्यात बसेना. तो सेंटीमीटरभर लांब होता.

क्रॉसची मापे दोन असतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. स्पायसरच्या नावाने चालणारी मापांची मालिका आप्पांच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. १३१० क्रमांकाचा क्रॉस: कप २७ मिलिमीटर, लांबी ८१.८. १३३० चा: कप तोच २७, पण लांबी ९२.१. १३५० चा: लांबी तीच ९२.१, पण कप ३०.२. १४१० चा: कप ३०.२, लांबी १०६.४. आणि १४८० चा: लांबी १०६.४, कप ३४.९. पाहा, प्रत्येकाचे एक माप शेजाऱ्याशी जुळते! एकच माप घेणाराला ही मालिका हमखास फसवते. तात्यांना हवा होता १३१०. मी मागवला १३३०.

दुकान बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी रविवार. तात्या दुधाचे रिकामे कॅन आमच्याकडेच ठेवून चालत वाडीवर गेले.

रविवारी रात्री त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. १०८ ची गाडी आली, पण ती डांबरी संपते तिथपर्यंतच येऊ शकत होती. त्याच्या वरच्या वाटेवर चढणारी वाडीतली एकुलती एक गाडी आमच्या पत्र्याखाली शाफ्ट काढून उभी होती. लोकांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्या पावसात, बॅटरीच्या उजेडात, तिला अडीच तास खांद्यावरून खाली आणले. पहाटे दवाखान्यात ती बाळंत झाली. बाळ आणि बाळंतीण दोघी सुखरूप राहिल्या. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. दोघी सुखरूप राहिल्या नसत्या, तर मी आज काय लिहीत असते?

सोमवारी खरा क्रॉस आला. आप्पांनी तो तासाभरात बसवला. दुपारी तात्या आले. मुलगी झाली म्हणून बर्फीचा पुडा घेऊन आले. दोन रात्रींचे जागरण त्यांच्या डोळ्यांत होते. म्हणाले, "दुकानदारानं चुकीचा माल धाडला म्हनं. काय त्या मेल्याला म्हनावं!"

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते शाफ्टच्या निपलला ग्रीस मारत राहिले. मला त्या क्षणी कळले, की बोलायचे की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडले आहे. गप्प बसणे फार सोपे होते. दुकानदार कराडात होता. बर्फी समोर होती.

मी म्हणाले, "तात्या, दुकानदाराची चूक नाही. मी लांबी मोजलीच नाही. मला कॉलेजला जायची घाई होती."

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. बर्फीचा पुडा बाकावर ठेवला, गाडीत बसले आणि निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "मी बी एकदा केलंय आसंच." आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी पूर्वी कधी सांगितली नव्हती. ते शिकाऊ असताना एका लाकूडवाल्याच्या गाडीचा क्रॉस वरचेवर तुटे. आप्पांनी उस्तादांना न विचारता दोन्ही टोकांचे काटे बदलून मोठ्या मापाचा क्रॉस बसवला. गिऱ्हाईक खूश. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा आली. या वेळी क्रॉस शाबूत होता आणि डिफरन्सचे दात गेले होते. उस्तादांनी आप्पांना एवढेच सांगितले, की मोठा सांधा घातल्याने तुटणे थांबत नाही, तुटायची जागा फक्त पुढे सरकते. क्रॉस ही गाडीतली स्वस्त जागा आहे. तिला स्वस्तात तुटू दे.

त्या वाक्याचा मी पुढे महिनाभर पिच्छा पुरवला. सांध्याचे माप ठरवायचे कसे? आप्पा म्हणत, "अनुभवानं." फिजिक्सच्या बाई म्हणाल्या, "दोन हिशेब कर आणि जो लहान येईल तो धर." पहिला हिशेब इंजिनाचा. महायुद्धातल्या जीपचे उदाहरण घेऊ. तिच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ साधारण १४.५ किलोग्रॅम-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो २.६६५ पट होतो, खालच्या पेटीत हलका गिअर टाकला की आणखी १.९७ पट. गुणाकार केला तर शाफ्टपाशी पीळ येतो ७६ किलोग्रॅम-मीटर! इंजिनाच्या पाचपटीहून अधिक. हळू चालणारी गाडी सांध्याला जास्त छळते, ती अशी.

दुसरा हिशेब चाकाचा. चाक जमिनीला जेवढे धरते, त्यापेक्षा जास्त पीळ शाफ्टवर येऊच शकत नाही. चाक घसरून मोकळे होते. एका कण्यावर ८०० किलो वजन धरू, कोरड्या जमिनीची पकड ०.८ धरू, चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर. गुणाकार २३०. डिफरन्समध्ये तो पीळ ४.८८ पट झालेला असतो, म्हणून शाफ्टकडे येताना तेवढ्याने भागायचे. उत्तर ४७. म्हणजे इंजिन ७६ द्यायला तयार असले तरी चाक ४७ लाच हात वर करते. सांधा निवडायचा तो या ४७ वर, थोडी शिल्लक राखून. हौद्यात दुप्पट माल भरला किंवा मोठे टायर घातले, की हा आकडा वाढतो आणि कालपर्यंत पुरणारा क्रॉस आज तुटतो. गाडी उंच, टायर मोठे आणि क्रॉस जुनाच, अशा हौशी गाड्या आमच्याकडे का येतात, त्याचे हे उत्तर.

चिखलात पकड निम्म्याने उतरते. मग चिखलात क्रॉस तुटायला नको; तरी लोक म्हणतात, चिखलातच तुटला. तुटतो तो चिखलात नव्हे. चाक चिखलात भन्नाट फिरत असते आणि अचानक खालचा दगड पकडते. फिरणारे सगळे लोखंड एका क्षणात थांबू पाहते, त्या हिसक्याला कोणताही हिशेब पुरत नाही. म्हणून आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, चाक फिरायला लागलं की पाय काढ. दुसरी गोष्ट सांगतात, की डांबरीवर फोर बाय फोर लावून ठेवू नको. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त वाट चालतात. अशा जुन्या गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. मातीत चाक थोडे घसरून हिशेब मिटवते, डांबरीवर घसरता येत नाही आणि तो ताण सगळा सांध्यात साठतो.

आणि एक गंमत मला फार आवडली. सांधा फार वाकवला तर तो लवकर मरतो, हे कुणालाही पटेल. पण अगदी शून्य अंशात, सरळ ठेवलेला क्रॉसही लवकर मरतो. कारण मग कपातल्या सुया जागच्या हलत नाहीत, ग्रीस पसरत नाही, आणि एकाच जागी भार सोसून त्या पोलादावर चर पाडतात. एक-दोन अंशांचा बाक सांध्याला हवाच.

ऑगस्टच्या शेवटी तात्या पुन्हा आले. आता पुढच्या शाफ्टचा क्रॉस वाजत होता. आप्पांनी व्हर्नियर काढला आणि तात्यांकडे पाहिले. मी मागे पुस्तक घेऊन बसले होते. मान वर करायचे धाडस मला झाले नाही. तात्या म्हणाले, "पोरीला घिऊ दे की माप."

मी उठले. कप मोजला. लांबी मोजली. पुन्हा कप मोजला, पुन्हा लांबी मोजली. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि मग दुकानाला फोन केला. तात्या तोवर उभे होते. जाताना म्हणाले, "नात रांगतीया आता न्हाई आजून, पर हासाया लागलीया."

त्या दिवसापासून मी वर्गात हात बाकाखाली ठेवत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आप्पांना वाचून दाखवला. कार्डानो, हुक, झेप्पा यांच्या ठिकाणी त्यांनी मान डोलावली. तात्यांच्या सुनेचा भाग आला तेव्हा चष्मा काढून पुसला. संपल्यावर मी विचारले, "कसा वाटला?"

आप्पा म्हणाले, "त्यो १३१० चा क्रॉस लिवलायस तिथं मापं दोन्ही लिवलीस न्हवं?"

"दोन्ही लिहिली आहेत, आप्पा."

"मग दे छापाया."